दुसरी खिडकी

जुन्या गोव्याच्या पश्चिम अंगाला एक लहानशी टेकडी आहे. पोर्तुगीज तिला मोन्ते सांतो, म्हणजे पवित्र टेकडी, म्हणत. १८४२ साली या टेकडीवरच्या सर्वांत भव्य चर्चचे कमानी छत कोसळले. खाली प्रार्थनेला कोणी बसलेले नव्हते. सात वर्षांपूर्वीच, १८३५ मध्ये, पोर्तुगीज सरकारने गोव्यातले धर्मसंघ बरखास्त करून त्यांचे मठ रिकामे करायला लावले होते. साधू गेले, वेदीवरचे दिवे गेले आणि छपराची डागडुजी करणारे हातही गेले. उरलेले काम कोकणच्या पावसाने केले. छतापाठोपाठ लगतच्या मठाच्या भिंतीही एकेक करून बसत गेल्या. वेद्या, थडग्यांच्या शिळा, रंगीत फरशा, सारे दगडमातीखाली गेले. त्याच ढिगाऱ्यात एका खिडकीतली दगडी पेटीही गाडली गेली. त्या पेटीत एका राणीच्या हाताचे हाड होते.

ही राणी गोव्याची नव्हती, पोर्तुगालचीही नव्हती. काळ्या समुद्राकाठच्या जॉर्जियाची ती राजमाता. तिला मारले इराणच्या शाहाने, तिचा देह उकरून काढला पोर्तुगीज साधूंनी आणि तिच्या अस्थी शोधून काढल्या भारतीय उत्खननकारांनी. एका हाडाच्या तुकड्यासाठी एवढे देश, एवढी शतके आणि एवढे कागद कामाला लागल्याचे उदाहरण आपल्याकडे दुसरे आठवत नाही. या शोधाचा नायक मात्र, माझ्या मते, कोणी एक माणूस नव्हे. नायक आहे ती इमारत. ती पडली म्हणून हाड हरवले, आणि पडल्यावरही तिचा आराखडा जमिनीवर शिल्लक राहिला म्हणून ते सापडले. म्हणून आधी तिची गोष्ट.

सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात संत ऑगस्टीनच्या संघाचे साधू गोव्यात आले. तोवर फ्रान्सिस्कन, डोमिनिकन आणि जेझुइट या संघांनी शहरातल्या मोक्याच्या जागा पटकावल्या होत्या. ऑगस्टिनियनांनी टेकडी निवडली आणि उशिरा आल्याची भरपाई उंचीने केली. १५९७ मध्ये सुरू झालेले चर्च १६०२ मध्ये पुरे झाले. नाव ठेवले नोसा सेन्होरा दा ग्रासा, कृपामातेचे. लोक मात्र त्याला संघाच्याच नावाने ओळखत राहिले आणि आजही ओळखतात. मांडवी नदीतून येणाऱ्या गलबतांना त्याचे मनोरे लांबूनच दिसत.

चर्चचा दर्शनी भाग पाच मजली होता आणि त्याच्या दोन्ही बाजूंना मनोरे होते. आज एकटा उभा दिसतो तो त्यांतल्या एकाचा उरलेला भाग. तो अर्धामुर्धाच आहे, तरी त्याची उंची सुमारे ४६ मीटर भरते. आत एकच प्रशस्त दालन, कडेला आठ उपासनागृहे आणि वर एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत सलग गेलेले अर्धगोल छत. मध्ये खांब नाहीत. बाहेरची मांडणी रेनेसान्सच्या शिस्तीची, मोजूनमापून केलेली. आतला बाज मात्र युरोपात तेव्हा जन्म घेत असलेल्या बरोक शैलीकडे झुकणारा. भाविकाने आत पाऊल टाकताच दिपून जावे, त्याची नजर वर वर ओढली जावी आणि शेवटी सोनेरी वेदीवर खिळावी, हा बरोकचा डाव. शेजारचे बॉम जेझूचे चर्च याच काळात, १५९४ ते १६०५ दरम्यान, उभे राहिले. ते शाबूत आहे, त्यामुळे हा डाव कसा साधतो ते तिथे बघता येते. ऑगस्टीनच्या चर्चमध्ये आता त्याची कल्पनाच करावी लागते.

बांधकामाचा दगड जांभा. बीडकडच्या बालाघाट डोंगरात, मांजरसुंब्याच्या बाजूला, ज्या काळ्या पाषाणावर आपले वाडे आणि देवळे उभी आहेत त्याच्याशी जांभ्याचे मुळीच नाते नाही असे वाटावे, इतका हा दगड वेगळा. खाणीतून काढताना मऊ असतो, कुऱ्हाडीनेही तासता येतो. हवा लागली की घट्ट होतो. पण त्याच्या अंगभर छिद्रे असतात. चुन्याच्या गिलाव्याचा अंगरखा असेल तोवर तो शतकानुशतके टिकतो. अंगरखा फाटला की पाणी आत शिरते, सांध्यातला चुना सुटतो आणि एवढ्या रुंद छताचे वजन बाजूच्या भिंतींना बाहेर रेटू लागते. दर पावसाळ्याआधी गिलावा तपासणारे मठवासी होते तोवर हे छत सव्वादोनशेहून अधिक वर्षे उभे राहिले. ते गेल्यावर सात पावसाळ्यांत खाली आले.

एक वस्तू मात्र वेळेवर वाचली. या चर्चची अवाढव्य घंटा छत पडण्याच्या सुमारास आग्वादच्या दीपगृहात गेली आणि १८७१ मध्ये पणजीच्या इमॅक्युलेट कन्सेप्शन चर्चवर चढली. ज्या पायऱ्यांवर हिंदी चित्रपटांतल्या नायक-नायिका नाचून गेल्या, त्यांच्या माथ्यावर लटकणारी घंटा ती हीच. घंटेला मोल होते, म्हणून तिची आठवण ठेवली गेली. खिडकीतल्या पेटीची आठवण ठेवायला कोणी उरले नाही.

आता राणीकडे वळू. केतेवान ही जॉर्जियाच्या पूर्वेकडच्या काखेती राज्याची. हे राज्य एका बाजूला ऑटोमन तुर्क आणि दुसऱ्या बाजूला इराणचे सफवी शाह यांच्या जात्यात सापडलेले. १६०२ मध्ये तिचा पती गेला. तीन वर्षांनी तिच्या दिराने, कॉन्स्टंटाइनने, शाहाच्या पाठबळावर स्वतःच्या बापाला आणि भावाला ठार करून गादी बळकावली. इराणी दरबारात वाढलेल्या या दिराने विधवा वहिनीलाही मागणी घातली. केतेवानने उत्तर दिले ते सरदारांना एकत्र आणून आणि फौज उभी करून. कॉन्स्टंटाइन मारला गेला आणि तिचा मुलगा तैमुराझ राजा झाला.

ही शांतता दहा वर्षेही टिकली नाही. शाह अब्बास पहिला याने काखेतीवर चाल केली तेव्हा राज्य वाचवण्यासाठी केतेवान स्वतः बोलणी करायला गेली आणि ओलीस म्हणून अडकली. तिच्या दोन नातवांनाही शाहाने ताब्यात ठेवले, पुढे त्यांचे पौरुष हिरावून घेतले आणि ती पोरे त्यातच संपली. केतेवानला शिराझमध्ये सुमारे दहा वर्षे नजरकैदेत ठेवले. १६२४ च्या सप्टेंबरात शाहाचे फर्मान आले: धर्म बदल, नाहीतर मर. तिने नकार दिला. तापवलेल्या लोखंडी सांडसांनी तिचा छळ करून तिला मारण्यात आले.

या सगळ्याला साक्षीदार होते. १६०२ पासून इस्फहानमध्ये आणि १६२३ पासून शिराझमध्ये ऑगस्टिनियन साधूंचे ठाणे होते. पोर्तुगीजांचे होर्मुझ १६२२ मध्येच शाहाने इंग्रजांच्या मदतीने जिंकून घेतले होते. अशा काळात, शत्रूच्या राज्यात, हे साधू आपल्या पंथाबाहेरच्या एका राणीच्या संपर्कात होते. ती पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स पंथाची, हे कॅथॉलिक. तरी तिच्या मृत्यूनंतर त्यांनी जोखीम घेतली. काही महिन्यांनी तिचा पुरलेला देह गुपचूप उकरून काढला आणि इस्फहानच्या मठात दडवला. फ्रेई आम्ब्रोझिओ दुश आंजुश या साधूने या हौतात्म्याची हकीकत लिहून ठेवली. त्यामागे निव्वळ भक्ती होती असे समजायचे कारण नाही. जॉर्जियात आपल्या पंथाला पाय रोवायचे होते, आणि राजाला त्याच्या आईच्या अस्थी परत देण्याइतकी मोठी भेट दुसरी कोणती असणार? १६२८ मध्ये काही अवशेष घेऊन साधू तैमुराझच्या दरबारी पोहोचले. राजाने ते अलावेर्दीच्या कॅथेड्रलमध्ये ठेवले. पुढच्या शतकांच्या धामधुमीत ते हरवले.

उरलेला एक भाग, उजव्या हाताचे अवशेष, १६२७ मध्ये समुद्रमार्गे गोव्याला आला. तेव्हा पूर्वेकडच्या साऱ्या ऑगस्टिनियनांचे मुख्य ठिकाण गोव्यातला हा मठ होता, म्हणून पेटी इथे पोहोचली. राणीची कीर्ती मात्र दूरवर पसरली. मुलाने, तैमुराझने, आईच्या छळावर काव्य लिहिले. जर्मन नाटककार आंद्रेआस ग्रिफिउसने तिच्यावर शोकांतिका रचली. लिस्बनमधल्या ऑगस्टिनियनांच्या मठातही निळ्या फरशांवर तिचे हौतात्म्य चितारले गेले. जॉर्जियाच्या चर्चने तिला संतपद दिले. तिची कीर्ती युरोपभर फिरत असताना तिचा हात गोव्यातल्या एका खिडकीत ठेवलेला होता.

तिथे तो पुढची दोनशे वर्षे होता. १६८३ च्या नोव्हेंबरात छत्रपती संभाजी महाराजांच्या फौजा जुवे बेटावर उतरल्या आणि राजधानीत घबराट उडाली, तेव्हाही पेटी तिथेच होती. पुढे शहराचा कणा मोडला तो साथीच्या रोगांनी. माणसे मेली, उरलेली पणजीकडे सरकली, व्हाइसरॉयही निघून गेला आणि १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली. एके काळी लिस्बनशी बरोबरी करणारे शहर गावाएवढे उरले. माडांच्या बनात एकेकटी उभी राहिलेली चर्चे, एवढीच त्याची ओळख. ऑगस्टीनच्या चर्चला तर तेवढेही भाग्य लाभले नाही. १९३१ मध्ये दर्शनी भाग आणि मनोऱ्याचा अर्धा भाग खाली आला आणि त्यानंतरच्या वर्षांत आणखी काही कोसळले. ढिगाऱ्यावर झाडे उगवली. १९८६ मध्ये युनेस्कोने गोव्याची चर्चे आणि मठ जागतिक वारसा यादीत घेतले, तेव्हा या जागी पाहण्यासारखे होते ते फक्त मनोऱ्याचे ते एक बोट.

पण जॉर्जियात ही राणी विसरली गेली नव्हती. सोव्हिएत अमलाखाली धर्म झाकून ठेवावा लागला, तरी इतिहासाच्या पुस्तकांतली राणी झाकता येत नव्हती. इकडे पोर्तुगीज आणि इराणी कागदपत्रांचे अभ्यासक रोबेर्तो गुलबेंकियन यांनी ऑगस्टिनियनांच्या हकीकती उजेडात आणल्या आणि एक गोष्ट नक्की झाली: हाताचे अवशेष गोव्यात आले, ही दंतकथा नव्हती. १९८९ पासून जॉर्जियाची शिष्टमंडळे जुन्या गोव्यात येऊ लागली. सोव्हिएत संघ मोडला, जॉर्जिया स्वतंत्र झाला, तरी ती येतच राहिली. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या सोबतीने त्यांनी ढिगारा तपासला. हाती काहीच लागले नाही.

हे अपयश नीट समजून घेतले पाहिजे, कारण पुढच्या यशाची किल्ली त्यातच आहे. कागद काय सांगत होते? पेटी मठाच्या सभा-चॅपेलमध्ये आहे, म्हणजे मठवासी आपल्या बैठकी भरवत त्या उपासनागृहात. तिथे पत्रवाचनाच्या बाजूला, म्हणजे वेदीकडे तोंड करून उभे राहिले की उजव्या हाताला. आणि त्या बाजूच्या दुसऱ्या खिडकीत. याहून नेमका पत्ता आणखी काय असावा? एखाद्या घराचा पत्ता विचारावा आणि सांगणाऱ्याने वळणे, गल्ली, दार सगळे सांगावे, तसा.

फक्त गल्लीच उरली नव्हती. मठ म्हणजे खोल्या, ओवऱ्या, अंगणे, जिने, भोजनशाळा, आजाऱ्यांची दालने, लहानमोठी चॅपेले यांचे जाळे. सगळे एका ढिगाऱ्यात मिसळून गेलेले. त्यातले सभा-चॅपेल कोणते? ते ओळखल्याशिवाय वेदी कुठे होती ते कळत नाही. वेदी कळल्याशिवाय उजवा हात कळत नाही. उजवा हात कळला तरी भिंतच पडलेली, मग दुसरी खिडकी कशी मोजायची? खिडकी म्हणजे भिंतीतली पोकळी. भिंत गेल्यावर पोकळी उरते कुठे?

अशा शोधाची एक गोष्ट मराठी माणसाच्या ओळखीची आहे. आळंदीला ज्ञानदेवांच्या समाधीची जागा लोकांच्या नजरेआड गेली होती, आणि परंपरा सांगते की पैठणच्या एकनाथांना स्वप्नात खूण मिळाली: अजानवृक्षाची मुळी कंठाला लागली आहे. नाथ आळंदीला गेले, झाडी बाजूला केली आणि समाधी पुन्हा लोकांच्या डोळ्यांपुढे आली. जुन्या गोव्यातल्या शोधकांकडे स्वप्न नव्हते. त्यांच्याकडे पोर्तुगीज कागद होते. पण त्यांनाही नाथांसारखी एक मुळी हवी होती, जमिनीत जागच्या जागी राहिलेली, जिला धरून खाली जाता येईल.

ती मुळी सापडायला नव्या शतकाची सुरुवात उजाडली. पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या गोवा मंडळातले निजामुद्दीन ताहेर आणि त्यांचे सहकारी यांनी कामाची दिशाच बदलली. आधीचे शोधक हाड शोधत होते. ताहेरांनी इमारत शोधायला घेतली. ढिगारा थराथराने हटवायचा, पडलेला प्रत्येक तासीव दगड कुठे पडला आहे त्याची नोंद करायची, जोती उघडी करायची आणि कागदावरचा मठ जमिनीवर पुन्हा मांडायचा. काम कंटाळवाणे, गाजावाजा नसलेले. मनोऱ्याकडे माना वर करून बघणाऱ्या पर्यटकांच्या पाठीमागे, ढिगाऱ्याखालून हळूहळू एकेक दालन वर येऊ लागले. रंगीत फरशांचे पट्टे दिसू लागले. चर्चच्या मुख्य दालनाची जमीन तर जवळजवळ सगळीच थडग्यांच्या शिळांनी फरसबंद केलेली निघाली.

या शिळांनीच शेवटी तोंड उघडले. मठातल्या एका दालनात एक शिळा उघडी झाली आणि तिच्यावरचे नाव वाचले गेले: मानुएल द सिकेइरा. कागदांत या माणसाचे थडगे सभा-चॅपेलमध्ये असल्याचे नोंदलेले होते. नाव जुळले, आणि दीडशे वर्षे ढिगाऱ्यात हरवलेले दालन एका क्षणात ओळखीचे झाले. माणूस मेल्यावर त्याच्या थडग्याने दुसऱ्या कोणाच्या थडग्याची वाट दाखवावी, असा हा प्रकार. युरेका म्हणावे असा क्षण या कथेत असेल तर तो हाच, हाड सापडले तो नव्हे. आर्किमिडीजही नाहणीत सोने शोधत नव्हता.

आता पुढचे गणित सरळ झाले. दालन कळले, त्यामुळे वेदीची दिशा कळली. वेदी कळली, त्यामुळे उजवी बाजू कळली. त्या बाजूची भिंत बहुतेक पडलेलीच होती, पण जोत्याची रेघ शाबूत होती आणि खिडक्यांच्या जागा त्या रेघेवर मोजून काढता येत होत्या. पहिली. दुसरी. दुसरीच्या खाली पडलेला ढिगारा चाळला जाऊ लागला. २००४ मध्ये या परिसरात मानवी हाताच्या लांब हाडाचा एक तुटका तुकडा मिळाला.

पेटी काही शाबूत निघाली नाही. छत आणि भिंत कोसळताना जे व्हायचे ते झाले होते. आजूबाजूला इतर मठवासीयांचेही अवशेष निघाले. तेव्हा सापडलेला तुकडा राणीचाच कशावरून, हा प्रश्न उभा राहिला. प्रश्न वाजवी होता. मठात शेकडो माणसे जगली आणि मेली. ऑगस्टिनियनांच्या या टेकडीवर हाडांची काय कमतरता? खिडकीची जागा बरोबर आली, हा पुरावा मोठा खरा, पण तो दगडाचा पुरावा होता. त्याला हाडाचा पुरावा हवा होता.

तो शोधायची जबाबदारी हैदराबादच्या सेंटर फॉर सेल्युलर अँड मॉलिक्युलर बायॉलॉजी या संस्थेकडे गेली. आपल्याकडे डीएनए तपासणीचा पाया ज्यांनी घातला ते लालजी सिंग या संस्थेचे. कुमारसामी तंगराज, नीरज राय आणि त्यांचे सहकारी कामाला लागले. काम सोपे नव्हते. हाडातला डीएनए काळाबरोबर तुकड्यातुकड्यांत मोडत जातो, आणि उष्ण, दमट हवेत तो फार वेगाने मोडतो. गोव्याच्या पावसात जवळजवळ चार शतके राहिलेले हाड म्हणजे प्राचीन डीएनए अभ्यासणाऱ्याच्या कसोटीचा विषय. त्यात भीती अशी की खोदणाऱ्याच्या, हाताळणाऱ्याच्या, खुद्द तपासणाऱ्याच्या डीएनएची भेसळ व्हायला वेळ लागत नाही.

शास्त्रज्ञांनी मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए निवडला. तो फक्त आईकडून लेकराकडे येतो आणि पेशीत त्याच्या प्रती खूप असतात, त्यामुळे जुन्या हाडातही तो मिळण्याची शक्यता अधिक. एका अर्थाने ही आईच्या कुळाची खूण. राजमातेच्या शोधात तिचाच आधार मिळावा, हे योग्यच झाले. तो काढता आला. त्यातली खूण एका विशिष्ट गटाची निघाली. शास्त्रज्ञ त्याला यू१बी म्हणतात. मग ती खूण भारतीय उपखंडातल्या बावीस हजारांवर लोकांच्या नमुन्यांशी ताडून पाहिली गेली. त्यांत ती कुठेच सापडली नाही. जॉर्जियात आणि आसपासच्या मुलखात मात्र ती आढळते. म्हणजे हे हाड इथल्या मातीतल्या माणसाचे असण्याची शक्यता फारच कमी, आणि तिकडच्या माणसाचे असण्याची शक्यता भक्कम.

२०१३ मध्ये हा निष्कर्ष आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. मातीतून हाड वर आल्याला नऊ वर्षे झाली होती. शोधनिबंधाच्या शीर्षकात शास्त्रज्ञांनी एक शब्द मुद्दाम ठेवला: बहुधा. हाड केतेवानचे बहुधा आहे, असे ते म्हणाले. वर्तमानपत्रांनी अर्थातच तो शब्द गाळून बातम्या छापल्या. पण या सगळ्या शोधात मला सर्वांत आवडलेला शब्द तोच. एवढी वर्षे, एवढे कष्ट, दोन देशांच्या सरकारांचे डोळे लागलेले, आणि तरीही प्रयोगशाळेने पुराव्यापेक्षा एक अक्षरही जास्त म्हटले नाही. कागद, दगड आणि रक्त या तिन्ही साक्षी एकमेकींशी जुळतात, आणि त्यांतली एकही एकटी पुरी नाही, हे त्यांनी स्पष्टपणे मांडले.

जॉर्जियाला मात्र वाट पाहायची नव्हती. २०१७ मध्ये, तिथल्या सरकारच्या विनंतीवरून, भारताने ते अवशेष काही काळासाठी तिकडे पाठवले. चर्चांतून त्यांच्या दर्शनाला रांगा लागल्या. मुदत वाढवून ते २०१८ मध्ये परत आले. मग जुलै २०२१ मध्ये परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर तिबिलिसीला गेले. स्वतंत्र जॉर्जियाला भेट देणारे ते भारताचे पहिले परराष्ट्रमंत्री. त्यांनी अवशेषांचा एक भाग जॉर्जियाला कायमचा दिला. तैमुराझला पोहोचवलेल्या अस्थी अलावेर्दीतून हरवल्या होत्या; गोव्यात राहिलेल्या सुमारे चारशे वर्षांनी घरी गेल्या. एका भागावर मात्र भारताने हक्क ठेवला. तो आजही जुन्या गोव्यात आहे.

मला विचाराल तर हा न्याय योग्यच झाला. राणी जॉर्जियाची खरीच, पण तिला शोधून काढण्याचे श्रेय गोव्याच्या जांभ्याचे आणि तो जांभा वाचणाऱ्यांचेही आहे. आणि म्हणून जुन्या गोव्याला जाणाऱ्यांना एक विनंती. बॉम जेझू पाहून झाले की बहुतेक मंडळी परततात. जी थोडी टेकडी चढतात ती मनोऱ्यापुढे उभी राहून छायाचित्र काढतात आणि उतरतात. तुम्ही तसे करू नका. मनोऱ्याकडे पाठ करा आणि मागे पसरलेल्या जोत्यांकडे जा. छत नसलेल्या त्या दालनांतून फिरा, उरलेल्या फरशांचे निळे-पिवळे तुकडे पाहा, शिळांवरची नावे वाचा. सभा-चॅपेल कोणते ते तिथे विचारा, वेदीच्या जागेकडे तोंड करून उभे राहा आणि उजव्या हाताच्या खिडक्या मोजा.